इंग्रजी शब्दांच्या जोड्या आणि आपली मराठी

इंग्रजीच्या वह्या तपासतांना एक गोष्ट आमच्या नजरेस वारंवार येते. पानाच्या मधोमध एक उभी रेघ मारलेली असते. डाव्या बाजूस इंग्रजी शब्द, उजव्या बाजूस मराठी अर्थ. ‘हिअर’ म्हणजे ऐकणें. चार ओळींखालीं ‘लिसन’ म्हणजे ऐकणें. ‘सी’ म्हणजे पाहणें, ‘लुक’ म्हणजे पाहणें, आणि ‘वॉच’ म्हणजेही पाहणेंच. ‘से’, ‘टेल’, ‘स्पीक’, ‘टॉक’ या चौघांची तर एकाच कंसांत बोळवण केलेली असते. अक्षर सुरेख असतें, शब्द पाठही असतात. परंतु वाक्य करावयास सांगितलें कीं तोच विद्यार्थी ‘टीचर सेड मी’ असें लिहितो, आणि रेडिओ ‘लिसन’ न करतां ‘हिअर’ करितो. मग घरचीं माणसें म्हणतात, मुलगा हुषार आहे, पण इंग्रजी कच्चें.

यावर जो उपाय सर्रास केला जातो तो आम्हांस मान्य नाहीं. परीक्षा जवळ आली कीं ‘घोटाळ्यांत पाडणारे शब्द’ अशा मथळ्याची यादी कोठून तरी उतरून घ्यावयाची व ती घोकावयाची, हा तो उपाय. यादींत ‘अफेक्ट’ व ‘इफेक्ट’ असतात, ‘लूज’ व ‘लूझ’ असतात. हे भेद दोन मिनिटांत सांगून संपतात. पहिल्या जोडींतील एक शब्द बहुधा क्रियापद असतो व दुसरा बहुधा नाम, याहून अधिक त्यांत फारसें कांहीं नाहीं. खरी अडचण निराळ्या शब्दांची आहे. जे शब्द दिसावयास साधे, रोजच्या बोलण्यांतले, आणि ज्यांच्यापुढें आपण डोळे मिटून एकच मराठी अर्थ लिहितों, ते शब्द मुलांना फसवितात. आमचें मत असें आहे कीं, या जोड्यांतील भेद मुलांना कळत नाहीं याचें मुख्य कारण त्यांनीं आपली मराठी कधीं न्याहाळून पाहिलेली नसते हें होय. पुष्कळ ठिकाणीं तोच भेद मराठींत जसाच्या तसा असतो, आणि तो आपण जन्मापासून पाळीत आलेलों असतों.

‘हिअर’ व ‘लिसन’ हेंच पाहा. आपण म्हणतों, ‘मला पावसाचा आवाज ऐकूं येतो’. आणि म्हणतों, ‘मी गाणें ऐकतों’. एका वाक्यांत ‘मला’ आहे, दुसऱ्यांत ‘मी’. पहिल्यांत आवाज आपण होऊन कानाशीं आला. आपण कांहींच केलें नाहीं. दुसऱ्यांत आपण होऊन कान दिला. ऐकूं येणें तें ‘हिअर’, ऐकणें तें ‘लिसन’. रात्रीं अंथरुणावर पडल्या पडल्या शेजाऱ्यांचें भांडण ऐकूं आलें तर त्यांत आपला दोष नाहीं. भिंतीला कान लावून तें ऐकणें ही गोष्ट निराळी. वर्गांत शेवटच्या बाकावरील मंडळींना शिक्षकांचें बोलणें ऐकूं येत असतें. तीं तें ऐकत असतातच असें नाहीं. ‘आय ॲम हिअरिंग यू’ हें वाक्य इंग्रजाच्या कानाला कां खटकतें, हेंही येथेंच उमगतें. जी गोष्ट आपण करीत नाहीं, जी आपल्याला नुसती होते, ती ‘करीत आहें’ असें कसें म्हणावयाचें? आणि ‘हा मुलगा मुळीं ऐकत नाहीं’ अशी तक्रार आई करिते तेव्हां तिच्या मनांत ‘लिसन’च असतें, मुलाच्या कानांत कांहीं बिघाड नसतो, हें ती जाणून असते. न्यायाधीश खटला ऐकतात तेथें मात्र इंग्रजी भाषा ‘हिअर’ म्हणते. अशीं वाक्यें तशींच्या तशीं लक्षांत ठेवावीं. प्रत्येक भाषेच्या घरांत कांहीं अडगळ असावयाचीच.

डोळ्यांच्या बाबतींत तोच प्रकार. ‘मला डोंगर दिसतो’ तें ‘सी’. ‘मी डोंगराकडे पाहतों’ तें ‘लुक’. येथेंही ‘मला’ आणि ‘मी’. शिवाय मराठींत पाहण्याबरोबर ‘कडे’ येतें, तसें इंग्रजींत ‘लुक’च्या मागोमाग ‘ॲट’ येतें. तें ‘ॲट’ गाळणाऱ्या मुलानें ‘डोंगर पाहतों’ आणि ‘डोंगराकडे पाहतों’ हीं दोन वाक्यें मोठ्यानें म्हणून पाहावीं. ‘वॉच’ हा त्यांतला तिसरा भाऊ. जी वस्तु हालते, बदलते, पुढें कांहीं तरी घडेल अशी जिच्याकडून अपेक्षा असते, तिच्यावर नजर ठेवणें म्हणजे ‘वॉच’. भिंतीवरील तसबिरीकडे आपण ‘लुक’ करितों; चुलीवरील दुधाला ‘वॉच’ करितों. आई ‘दुधाकडे बघ गं’ म्हणते आणि मुलगी दुधाकडे एकदां बघून खेळावयास निघून जाते, तेव्हां त्या घरांत ‘लुक’ आणि ‘वॉच’ यांतील भेदाचा धडा शेगडीवरच मिळतो.

‘लिव्ह’ आणि ‘स्टे’ यांचेंही असेंच. नव्या ओळखीच्या माणसाला आपल्याकडे सहज विचारतात, ‘व्हेअर डू यू स्टे?’ कारण दोहोंचा अर्थ ‘राहणें’ असा वहींत लिहिलेला. ऐकणारा इंग्रज असला तर त्याला वाटतें, आपण कोणत्या हॉटेलांत उतरलों आहों हें हे गृहस्थ विचारीत आहेत. पण पाहा, ‘उतरणें’ हा शब्द आपल्याजवळ होताच! आपण पुण्यास राहतों आणि लग्नासाठीं नगरास मामांकडे उतरतों. तेथें चार दिवस मुक्काम करितों. मराठीनें भेद केलेलाच आहे, वहीनें तो पुसला.

कांहीं ठिकाणीं मात्र मराठीचा हात धरून गेल्यास पाय घसरतो, आणि तेंही सांगितलें पाहिजे. घरांतून निघतांना आपण ‘जातों’ म्हणत नाहीं. तें अशुभ मानिलें आहे. ‘येतों’ म्हणतों. त्यामुळें आमचे कांहीं विद्यार्थी संध्याकाळीं निरोप घेतांना ‘सर, आय ॲम कमिंग’ असें म्हणून पाठ फिरवितात. त्यांतील सौजन्य आम्हांस पूर्ण कळतें व आवडतेंही. परंतु इंग्रजींत ‘कम’ हा शब्द बहुधा बोलणाऱ्याच्या किंवा ऐकणाऱ्याच्या दिशेनें येतो, आणि हा गृहस्थ तर दूर चालला! ‘बॉरो’ व ‘लेंड’ यांतही दिशेचाच प्रश्न आहे. मराठींत एकच ‘उसनें’, आणि त्याला ‘घेणें’ किंवा ‘देणें’ जोडलें कीं काम भागतें. इंग्रजींत घेणाराचें क्रियापद वेगळें, देणाराचें वेगळें. वहींत दोहोंपुढें ‘उसनें’ एवढेंच लिहिणारा विद्यार्थी मित्राची पेन्सिल ‘लेंड’ करून घरीं नेतो, आणि वाचणाऱ्याला समजत नाहीं कीं पेन्सिल कोणाची व ती आतां कोणाजवळ आहे.

येथवर अर्थाचें झालें. परंतु पुष्कळ जोड्यांत अर्थ खरोखर एक असतो, तरीही शब्द एक नसतात. हें लहान मुलाला समजावून सांगणें कठीण, असें कोणास वाटेल. आम्हांस तें मुळींच कठीण वाटत नाहीं. वर्गांत विचारावें, ‘मुलांनो, झुरळ मेलें, शेजारचे आजोबा वारले, आणि पोलिसांच्या कागदांत लिहिलें कीं इसम मयत झाला, या तिघांना झालें काय?’ तिघांना झालें एकच. पण झुरळ वारलें असें कोणी म्हणेल काय? आजोबा मेले असें म्हणणाऱ्या मुलाच्या पाठींत धपाटा बसल्याखेरीज राहील काय? पहिल्या इयत्तेंतील मूल ही चूक करीत नाहीं, आणि त्याला हें कोणीं शिकविलें असें विचाराल तर कोणींच नाहीं. शब्द कोणाच्या संगतींत वावरतो हें त्यानें ऐकून ऐकून ओळखिलें. इंग्रजींतील ‘डाय’, ‘पास अवे’ आणि ‘डिसीज्ड’ यांचें नातें अगदीं असेंच आहे. तसेंच पाणी, जल, उदक. कोणत्याही उपाहारगृहांत बसून ‘एक पेला जल आणा’ असें सांगून पाहावें, म्हणजे समानार्थी शब्दांची किंमत तत्काळ कळेल.

इंग्रजींत असे दुहेरी-तिहेरी शब्द इतके कां, याला इतिहास आहे. इ. स. १०६६ मध्यें नॉर्मंडीच्या विल्यमनें इंग्लंड जिंकिलें. दरबाराची, कायद्याची व श्रीमंतांची भाषा फ्रेंच झाली. शेतकरी व मजूर इंग्रजीच बोलत राहिले. न्यायालयांतील वादविवाद इंग्रजींत चालावेत असा कायदा होण्यास १३६२ साल उजाडावें लागलें. या तीन शतकांत हजारों फ्रेंच शब्द इंग्रजींत आले, आणि विद्वानांनीं लॅटिनमधून आणिलेले त्यांत मिसळले. म्हणून विचारण्याला ‘आस्क’ हा घरचा शब्द, ‘क्वेश्चन’ हा फ्रेंचांकडून आलेला, आणि ‘इंटरॉगेट’ हा लॅटिनचा. आई ‘आस्क’ करिते, मास्तर ‘क्वेश्चन’ करितात, आणि फौजदार ‘इंटरॉगेट’ करितो. शब्द जसजसा परका तसतसें ऐकणाऱ्याचें काळीज अधिक धडधडतें. वॉल्टर स्कॉटच्या १८१९ सालच्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ‘आयव्हॅन्हो’ कादंबरींत एक विदूषक डुकरें राखणाऱ्या गड्याला याची गंमत सांगतो: जनावर जिवंत असून त्याला राखावयाचें असतें तोंवर तें इंग्रजी नांवानें वावरतें, आणि धन्याच्या ताटांत गेलें कीं फ्रेंच नांव धारण करितें. गोठ्यांत ‘शीप’, ताटांत ‘मटन’. चिखलांत ‘पिग’, ताटांत ‘पोर्क’. (आमच्याकडे ‘मटन’ म्हणून जें मिळतें तें बहुधा बकऱ्याचें असतें, त्याला मेंढीशीं कर्तव्य नाहीं. शब्द समुद्र ओलांडून आला कीं तोही येथलें अन्न खाऊं लागतो.)

मराठीनेंही असेच दिवस पाहिले आहेत. दरबारांतून फारशी शब्द आले. शिवाजीमहाराजांच्या काळीं ‘राज्यव्यवहारकोश’ तयार होऊन त्या शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. तरी फारशी शब्द सर्वस्वीं गेले नाहींत. दोन्ही राहिले आणि त्यांनीं आपापसांत काम वांटून घेतलें. फी माफ व्हावी म्हणून मुख्याध्यापकांकडे अर्ज करावयाचा. देवाला आणि वडील माणसांना विनंति करावयाची. लाडवासाठीं आईकडे अर्ज करणारा मुलगा आम्ही अजून पाहिला नाहीं. हें ज्याला कळतें त्याला ‘आस्क’, ‘रिक्वेस्ट’ आणि ‘ॲप्लाय’ यांतील अंतर नव्यानें शिकविण्याची गरज ती किती?

शब्दाशब्दांतील भेद म्हणजे पंडितांचा फावल्या वेळचा उद्योग, असें कोणी समजूं नये. नव्या कराराचें मूळ ग्रीकवरून इंग्रजी भाषांतर करून विल्यम टिंडेल यानें तें १५२६ मध्यें जर्मनींतील वर्म्स येथें छापविलें. इंग्लंडांत तें चोरून न्यावें लागलें. त्यांत त्यानें ‘चर्च’च्या जागीं ‘काँग्रिगेशन’, ‘प्रीस्ट’च्या जागीं ‘सीनियर’ व ‘चॅरिटी’च्या जागीं ‘लव्ह’ असे शब्द घातले. पुढें ‘सीनियर’ बदलून त्यानें ‘एल्डर’ केलें. वरवर पाहतां जोडींतला एक शब्द काढून दुसरा ठेविला, एवढेंच. पण ‘चर्च’ म्हटलें म्हणजे अधिकार, पायऱ्या, मठ, महंत हें सारें डोळ्यांसमोर उभें राहतें. ‘काँग्रिगेशन’ म्हटलें म्हणजे नुसतीं एकत्र जमलेलीं माणसें. सर टॉमस मोर यांनीं १५२९ मध्यें ग्रंथ लिहून नेमक्या या तीन शब्दांवर बोट ठेविलें. हे शब्द बदलले तर धर्मसत्तेचा पायाच हालतो, हें त्या चतुर माणसानें बरोबर ओळखिलें होतें. राजाला धर्मप्रमुख मानण्यास नकार दिल्यामुळें मोर यांचा १५३५ मध्यें शिरच्छेद झाला. पाखंडाच्या आरोपावरून टिंडेलला १५३६ मध्यें गळा आवळून मारून त्याचें प्रेत जाळलें. दोघे एकमेकांचे वैरी, आणि दोघांनींही शब्दाची किंमत जाणली होती.

त्यांतील एका जोडीची गोष्ट पुढेंही चालू राहिली. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायांत १६११ सालच्या भाषांतरानें पुन्हां ‘चॅरिटी’ हा शब्द आणिला. पुढें इंग्रजी बोलण्यांत ‘चॅरिटी’चा अर्थ आक्रसत जाऊन भिकाऱ्याच्या हातावर पैसा ठेवण्यापुरता उरला, आणि १८८१ च्या सुधारलेल्या भाषांतरांत ‘लव्ह’ परत आलें. मराठी बायबलांत तेथें ‘प्रीति’ आहे. आमचे सर्व धर्मांचे विद्यार्थी हें सहज समजूं शकतील: दान देणारा माणूस उभा असतो आणि घेणारा हात पसरून खालीं वांकलेला असतो, प्रीति करणाऱ्याला शेजारीं बसावें लागतें. ‘पिटी’ आणि ‘सिंपथी’ यांतही थोडें असेंच अंतर आहे. नापास झालेल्या मित्राला कीव नको असते.

हें सर्व सांगून झाल्यावर आम्ही एक कबुली देऊं इच्छितों: सगळेच भेद इतक्या योग्यतेचे नाहींत. मोजतां येणाऱ्या वस्तूंना ‘फ्यूअर’ आणि न मोजतां येणाऱ्यांना ‘लेस’ हा नियम आज आम्ही शिकवितों. पण त्याचें मूळ शोधूं जातां १७७० सालच्या रॉबर्ट बेकर नांवाच्या लेखकापर्यंत पोंचतां येतें, आणि त्यानेंही तें आपलें मत म्हणून मांडलें होतें. त्याच्यापूर्वीं कित्येक शतकें चांगले चांगले लेखक मोजक्या वस्तूंनाही ‘लेस’ लावीत आले होते. ‘शॅल’ आणि ‘विल’ यांची वांटणी जॉन वॉलिस यानें १६५३ च्या आपल्या व्याकरणांत घालून दिली. बहुतेक इंग्रजी बोलणारे लोक ती आतां पाळीत नाहींत. असे नियम उत्तरपत्रिकेंत अवश्य पाळावे, गुण त्यांना असतात. परंतु आगगाडींत शेजारच्या प्रवाशानें ‘लेस पीपल’ म्हटलें म्हणून त्याला हंसूं नये. ‘हिअर’ व ‘लिसन’ यांतील भेद मोडला तर अर्थ मोडतो. हा मोडला तर मोडतो तो केवळ एक पायंडा.

आतां पालकांशीं दोन शब्द. महाराष्ट्रांत इ. स. २००० पासून पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविलें जातें, आणि तें बरें आहे. पण त्याबरोबर कित्येक घरांतून एक नवीन रीत पडली आहे. मुलाचें इंग्रजी सुधारावें म्हणून आई-वडील त्याच्याशीं अर्ध्या मराठींत व अर्ध्या इंग्रजींत बोलतात. दार ‘क्लोज कर’, नळ ‘क्लोज कर’, दिवा ‘क्लोज कर’, पुस्तक ‘क्लोज कर’, डबा ‘क्लोज कर’. यांत हेतु चांगला आहे, परंतु नुकसान दुहेरी होतें. मराठींत दार लावितात, नळ बंद करितात, दिवा मालवितात, पुस्तक मिटतात, डबा झांकतात. पांच वस्तूंना पांच क्रियापदें. तीं पांचही त्या मुलाच्या कानांवरून गेलीं नाहींत. आणि इंग्रजी तरी आलें काय? इंग्रजींतही दिवा ‘क्लोज’ होत नाहीं; त्याला ‘स्विच ऑफ’ म्हणतात, नळाला ‘टर्न ऑफ’. ज्या मुलानें ‘मालविणें’ आणि ‘लावणें’ हे शब्द वेगवेगळे ऐकिले, त्याला दिव्याचें क्रियापद दाराहून वेगळें असतें हें मुळांतच ठाऊक असतें. इंग्रजींत तो तें शोधूं लागतो. ज्याच्या घरीं सगळ्यालाच ‘क्लोज’, त्याला शोधण्यासारखें कांहीं आहे हेंच सुचत नाहीं. ‘ओपन द लाइट’ असें लिहिणारा विद्यार्थी मराठीनें बिघडलेला नसतो. मराठींत दिवा कोणीही उघडीत नाहीं.

म्हणून आमची विनंति अशी कीं, घरीं बोलावयाची ती मराठी पुरी बोलावी, आणि इंग्रजी बोलावयाची तेव्हां तीही पुरी बोलावी. मुलांनीं आपल्या वहींतील ती उभी रेघ पुसून टाकावी. शब्दापुढें अर्थ लिहावयाच्या ऐवजीं एक इंग्रजी वाक्य लिहावें, आणि त्याखालीं आपल्या घरीं तीच गोष्ट कशी बोलतात तें लिहावें. जागा अधिक लागेल, वह्या अधिक लागतील. आठवड्यास वीस शब्दांच्या जागीं सहाच होतील. सहा पुष्कळ झाले. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ति आतां इंटरनेटवर फुकट पाहावयास मिळते. त्यांत कोणताही एक साधा मराठी शब्द काढून त्याच्यापुढें किती निरनिराळीं इंग्रजी क्रियापदें दिलेलीं आहेत तें वरच्या वर्गांतील मुलांनीं एकदां पाहावें; ‘लागणें’ आणि ‘पडणें’ या शब्दांपासून आरंभ केल्यास एक दुपार मजेंत जाईल.

सुटीसाठीं एक जोडी आम्ही मुद्दाम न सोडवितां ठेवितों: ‘वेअर’ आणि ‘पुट ऑन’. दोहोंचा अर्थ तुमच्या वहींत ‘घालणें’ असा असेल. तत्पूर्वीं आजीजवळ बसून विचारा: साडी नेसतात, सदरा घालतात, शाल पांघरतात, फेटा बांधतात, बांगड्या भरतात, चष्मा लावितात, याखेरीज आणखी किती? आजी नेसत आहे आणि आजी नेसली आहे, यांपैकीं ‘वेअर’ कोणतें व ‘पुट ऑन’ कोणतें, हें वाक्यें करून लिहून आणा. निवडक वाक्यें शाळा उघडल्यावर भित्तिपत्रकावर लावूं. आजीचे शब्द मात्र तिनें उच्चारिले तसेच लिहावे, सुधारूं नयेत.